खाते भावाचे, पिन कॅलेंडरच्या मागे



गेल्या रमजानच्या आधी माझ्या धाकट्या भावाचा कॅनडाहून फोन आला. तो आधी दहा वर्षे कुवेतला होता, आता बायकामुलांसह कॅनडात कायमचा स्थायिक झाला आहे. म्हणाला, "आपा, गावाकडचं ते बँक खातं आता बंद करून टाक. मी काही परत येत नाही, आणि तिकडचा मोबाइल नंबरही बंद पडलाय. बँकेचा ओटीपीसुद्धा येत नाही."

मला वाटले, अर्ध्या तासाचे काम. पनवेलहून म्हसळा तालुक्यातील आमच्या गावी गेले, तर अम्मीने विचारले, "खातं बंद झालं तर माझ्या औषधांचे पैसे कुठून येणार?" तेव्हा कळले. अब्बांच्या इंतकालानंतर भाऊ दर महिन्याला त्याच खात्यात पैसे टाकत होता. त्याचे एटीएम कार्ड अम्मीच्या कपाटात होते आणि पिन लिहिलेली चिठ्ठी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे. शेजारचा मुलगा कार्ड घेऊन जाई आणि पैसे काढून आणी. मुलगा प्रामाणिक आहे, एक रुपयाही कधी कमी आला नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या माझ्या अम्मीच्या नावावर आजवर एकही खाते नव्हते.

कोकणातल्या किती घरांत आज हेच चालू असेल! म्हणून हा विषय या महिन्यात घेतला.

बँकेत गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी की, खाते फक्त खातेदारच बंद करू शकतो. बहीण, आई, पत्नी यांच्या सांगण्यावरून ते होत नाही. परदेशातून करायचे तर सहीचा अर्ज, पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती, पॅन, उरलेले चेक आणि कार्ड पाठवावे लागते. प्रती तिथल्या भारतीय दूतावासाकडून किंवा नोटरीकडून साक्षांकित करून मागतात. प्रत्येक बँकेची यादी थोडी वेगळी असते, म्हणून आधी आपल्या शाखेकडून ती लेखी मागवून घ्यावी.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. माणूस नोकरीसाठी परदेशी गेला की परकीय चलन कायद्याप्रमाणे, म्हणजे १९९९ च्या 'फेमा' प्रमाणे, तो अनिवासी ठरतो. अनिवासी माणसाला साधे बचत खाते तसेच ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते 'एनआरओ' खात्यात बदलून घ्यावे लागते. भावाने कुवेतला जाताना हे केले नव्हते, कारण त्याला कोणी सांगितलेच नव्हते. नियम मोडल्यास कायद्यात दंडाची तरतूद आहे, म्हणून उशिरा का होईना, स्वतःहून कळवलेले बरे.

येथे दोन नावांचा गोंधळ होतो. एनआरओ खाते हे भारतातल्या उत्पन्नासाठी असते. घरभाडे, बागेचे पैसे, निवृत्तिवेतन त्यात जमा होते. त्यावरच्या व्याजावर ३० टक्के आणि वर अधिभार व उपकर कापला जातो. त्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम कर भरल्याचे कागद देऊन बाहेर नेता येते. 'एनआरई' खाते परदेशातल्या कमाईसाठी असते आणि ते पैसे केव्हाही परत नेता येतात. गावी भाडे किंवा जमिनीचे उत्पन्न येत असेल तर खाते बंद करण्याऐवजी एनआरओ करून ठेवणे सोयीचे. तसे काहीच नसेल तर बंद करावे.

पण तसेच सोडून देऊ नये. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय होते. बँकेने जमा केलेले व्याज हा व्यवहार धरला जात नाही. दहा वर्षांनी ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती बुडत नाही, खातेदाराला किंवा वारसांना बँकेकडे मागता येते. अशा रकमा शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळही सुरू केले आहे. तरी ज्या वारसांना खाते होते हेच ठाऊक नाही, ते शोधणार काय?

आता कार्डाविषयी. बँकेतल्या बाईंनी मला शांतपणे विचारले, "तुमच्या भावाचं उद्या काही बरंवाईट झालं तर?" मी निरुत्तर झाले. अल्लाह त्याला दीर्घायुष्य देवो. पण तसे झाले तर त्या क्षणापासून खात्यातला पैसा त्याचा राहत नाही, सगळ्या वारसांचा होतो. पत्नीचा हिस्सा, मुलामुलींचा हिस्सा, आणि मुले असताना आईचा सहावा हिस्सा. मग आपल्याच औषधांसाठी कार्ड वापरणारी अम्मी नकळत दुसऱ्यांच्या हक्काच्या पैशाला हात लावणार. आणि नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला, असेही नाही. नॉमिनी बँकेकडून पैसे ताब्यात घेतो, ते अमानत म्हणून. वाटणी वारसा हक्काप्रमाणेच व्हायला हवी.

म्हणून आम्ही क्रम बदलला. आधी अम्मीचे खाते उघडले, किमान शिल्लक लागत नाही असे. ती उर्दूत सही करते. बँकेने एक घोषणापत्र भरून घेऊन तीच सही स्वीकारली. त्या दिवशी पासबुकावर स्वतःचे नाव पाहून ती किती वेळ त्यावर बोट फिरवत होती! आता भाऊ थेट तिच्या खात्यात पैसे पाठवतो. मुलाने आईला दिलेल्या पैशावर आईला प्राप्तिकर लागत नाही.

मग भावाच्या खात्याला काय काय बांधलेले आहे ते पाहिले. विजेचे बिल आपोआप जात होते, विम्याचा हप्ता जात होता, गॅसचे अनुदान येत होते. सगळे एकेक करून हलवले. मोबाइल नंबर बदलून घेतला. सुरुवातीपासूनचे खाते-उतारे काढून ठेवले, कारण कॅनडात राहणाऱ्याला भारतातले व्याजही तिथल्या कर-विवरणात दाखवावे लागते.

त्याच उताऱ्यांवरून व्याजाच्या नोंदींची बेरीज केली. ती रक्कम भावाने वेगळी काढली आणि सवाबची नियत न ठेवता गरजूंना दिली. किती आणि कशी द्यावी, हे आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. उरलेल्या शिलकीची जकातही हिशेबात धरली. खाते बंद केल्याचे पत्र बँकेकडून लेखी घेतले, तेव्हाच काम संपले.

भगिनींनो, तुमचा पती, मुलगा किंवा भाऊ परदेशी असेल तर आज एवढेच करा. ज्या कार्डावर तुमचे घर चालते, त्यावर नाव कोणाचे आहे ते पाहा. ते तुमचे नसेल, तर आधी तुमचे खाते उघडा. त्याचे खाते बंद करायचे की बदलून घ्यायचे, हे त्यानंतर निवांत ठरवता येईल.

आमच्या घरी कॅलेंडरच्या मागची ती चिठ्ठी अम्मीने स्वतःच्या हाताने फाडली. नवा पिन तिला पाठ आहे. मलाही सांगत नाही.