विश्लेषण : पटकन झोप लागण्यासाठी झोपेचा पाठलाग सोडायला का हवा?

दोन मिनिटांत झोप लागण्याचा उपाय सांगणारा व्हिडीओ रात्री एक वाजता पाहायला घेतला, की आणखी अर्धा तास जागरण ठरलेले. श्वास मोजा, उलटे आकडे म्हणा, जायफळ घातलेले दूध प्या... उपायांना तोटा नाही. तरीही कूस बदलण्यात रात्र जाते. मराठीत झोप ‘लागते’, भूक किंवा तहान लागते तशी. ती ठरवून आणता येत नाही. झोपेचे विज्ञानही याहून फार वेगळे सांगत नाही. लवकर झोप लागावी म्हणून अंथरुणात पडल्यावर करण्यासारखे थोडेच असते. दिवसा, विशेषतः सकाळी करण्यासारखे बरेच असते.

झोप नेमकी कशामुळे लागते?

अलेक्झांडर बोर्बेली या संशोधकाने १९८२ मध्ये मांडलेले सूत्र आजही आधार मानले जाते. त्यानुसार दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. पहिली, झोपेचा दाब. माणूस जितका वेळ जागा राहतो तितके मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि डोळे जड होतात. दुसरी, शरीराचे घड्याळ. ते प्रामुख्याने प्रकाशावर चालते आणि सकाळच्या उजेडात रोज नव्याने जुळवले जाते. हे घड्याळ पेशींमध्ये कसे चालते, हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले.

आता नेहमीचा रविवार पाहा. सकाळी दहाला उठणे, दुपारी भरपेट जेवून दोन तास ताणून देणे, संध्याकाळी सहाला कडक चहा. उशिरा उठल्याने घड्याळ पुढे सरकते, दुपारच्या झोपेने दाब उतरतो. चहा-कॉफीतील कॅफीन अ‍ॅडेनोसिनचा परिणाम रोखते आणि त्याचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे सहाच्या चहातले निम्मे कॅफीन अकरा वाजताही कामावर असते. मग ‘उद्या सोमवार आहे, लवकर झोपू’ म्हणून दहाला दिवा मालवला तरी झोप येणार कुठून?

किती मिनिटांत झोप लागावी?

निरोगी माणसाला झोप लागायला साधारण १० ते २० मिनिटे लागतात. उशीला डोके टेकताच घोरू लागणाऱ्याचा घरात हेवा केला जातो; पण रोजच असे होत असेल तर अनेकदा ते अपुऱ्या झोपेचे लक्षण असते. त्यामुळे ‘दोन मिनिटांत झोप’ हे उद्दिष्टच चुकीचे आहे. समाजमाध्यमांवर फिरणारी ‘लष्करी पद्धत’ १९८१ च्या एका अमेरिकी पुस्तकातून आली आहे. स्नायू एकेक करून सैल सोडण्याचा तो सराव वाईट नाही. पण त्या पुस्तकातही यशाचा दावा सहा आठवड्यांच्या सरावानंतरचा आहे. रील्समधून नेमके हेच गळते.

अंथरुणावर पडताच झोप का उडते?

सोफ्यावर टीव्हीसमोर पेंगणारा माणूस गादीवर जाताच टक्क जागा होतो. कारण त्या गादीवर तो रोज तळमळतो, हप्त्यांचा हिशेब मांडतो, मोबाइल चाळतो. मेंदूने गादीची सांगड जागेपणाशी घातलेली असते. ती तोडण्याची पद्धत रिचर्ड बूट्झिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडली. पेंग आल्यावरच अंथरुणावर जावे. अंदाजे २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठून, मंद उजेडात काहीतरी संथ काम करावे आणि पेंग आली की परतावे. झोप कशीही झाली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठावे. पहिले काही दिवस त्रासाचे जातात. पण त्यातूनच पुढच्या रात्रीचा दाब तयार होतो.

‘शयनगृह फक्त झोपेसाठी’ हा सल्ला दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला थट्टेसारखा वाटेल. पण रात्री अंथरूण घालायचे आणि सकाळी घडी करून ठेवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत हेच काम करते. खोली एकच असली तरी अंथरूण फक्त झोपेचे राहते. दिवसभर पलंगावर लोळून अभ्यास, जेवण आणि ऑफिसच्या मीटिंगा उरकणाऱ्यांनी ही रीत पुन्हा उचलायला हरकत नाही.

रात्री करण्यासारखे काय?

झोप लागताना शरीराचे आतले तापमान उतरते आणि ती उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते. झोपण्याच्या तास-दोन तास आधी कोमट पाण्याने अंघोळ केली किंवा पाय शेकले तर तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हे काम सोपे होते. डोक्यात विचारांचे चक्र फिरत असेल तर उद्याच्या कामांची यादी कागदावर उतरवावी. २०१८ च्या एका अमेरिकी प्रयोगात पाच मिनिटे अशी यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांविषयी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे आधी झोप लागली. मोबाइल हाताला लागणार नाही इतका दूर ठेवावा. आणि घड्याळ पाहू नये; ‘आता पाचच तास उरले’ हा हिशेब झोपेचा शत्रू आहे.

गोळीचे काय?

खरा धोका इथे आहे. नातेवाईकाच्या पाकिटातली गोळी ‘आजच्या पुरती’ घेतली जाते आणि सवय लागते. अल्प्राझोलम, झोल्पिडेम यांसारखी औषधे भारतात एच-१ या यादीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची नोंद ठेवावी लागते. ज्येष्ठांमध्ये अशा गोळ्यांमुळे तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. मेलाटोनिन तुलनेने सौम्य. पण २०१३ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा त्याने झोप सरासरी सातच मिनिटे लवकर लागल्याचे दिसले. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून सुचवली ती गोळी नव्हे, तर विचार आणि सवयी बदलणारी उपचारपद्धती. बूट्झिन यांचे नियम तिचाच भाग आहेत. आधी सवय, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने गरजेपुरती गोळी, हाच क्रम योग्य.

दोष फक्त सवयींचा?

नाही. रात्रपाळी करणारा कामगार किंवा मंडपाशेजारी राहणारे आजोबा यांना ‘शिस्त पाळा’ म्हणणे अन्यायाचे आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकांवर निर्बंध घालणारे नियम २००० पासून आहेत. ते पाळणे हाही झोपेचाच उपाय. तसेच आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोपेची तक्रार टिकली किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर डॉक्टरांकडे जावे.

बाकीच्यांनी एक करावे. आज रात्री लवकर झोपण्याचा हट्ट सोडून उद्याच्या उठण्याची वेळ ठरवावी आणि ती रविवारीही मोडू नये. मग रात्री झोपेची वाट पाहण्याची वेळ हळूहळू कमी होत जाते.