हासोरीला कोण सांगणार?

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड, परभणीत घरं हलली. केंद्र हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता ४.५. पाठोपाठ ३.६ चा दुसरा धक्का. तासाभरात मोबाइलवर निरोप फिरू लागले की आज रात्री मोठा येणार. भूकंपाची वेळ आधी सांगण्याची विद्या जगात कुणाकडेच नाही, एवढं एक वाक्य त्या निरोपांच्या आधी गावात पोहोचायला हवं होतं. ते पोहोचत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

कारण आपल्या पायाखालच्या जमिनीवर झालेलं संशोधन थोडंथोडकं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातली किल्लारी आणि आसपासची गावं भूकंपात उद्ध्वस्त झाली. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. त्यानंतर जगभरचे भूशास्त्रज्ञ औसा आणि उमरगा तालुक्यांत उतरले, कारण जिथे भूकंप होणार नाही असं समजलं जायचं तिथेच तो झाला होता. किल्लारीजवळ संशोधनासाठी घेतलेला एक बोअर ६१७ मीटर खोल गेला, म्हणजे दोन हजार फुटांच्या वर. वरचे अकराशे फूट काळा पाषाण, त्याखाली आठेक मीटर जुना गाळ आणि मग त्याहून कितीतरी जुना पायाचा खडक. लातूर जिल्ह्यातला शेतकरी आयुष्यभर बोअरचे फूट मोजत आला आहे. किती फुटांवर मुरूम लागला, कुठे पाषाण, कुठे कोरडी भुकटी, हे त्याला तोंडपाठ असतं. त्याला हा बोअर समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतील. पण ही माहिती छापली गेली ती इंग्रजी शोधनिबंधांत.

नांदेडचंही तेच. २००६ च्या अखेरपासून शहरात लहान लहान धक्के आणि जमिनीतून आवाज सुरू झाले, लोक रात्री घराबाहेर बसू लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी यंत्रं बसवून नोंदी घेतल्या आणि २०१२ साली ‘करंट सायन्स’मध्ये या धक्क्यांमागच्या भ्रंशावर, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो त्या भेगेवर, लेख आला. ज्यांच्या घरांखालच्या भ्रंशाबद्दल तो लेख आहे, त्यांच्यापैकी तो किती जणांना माहीत असेल?

सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागला. वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे तर अशा आवाजांसाठी वर्षानुवर्षं बातम्यांत आहे. बातमीत नेहमी एकच विशेषण, ‘गूढ’. यात गूढ फारसं नाही. उथळ आणि लहान धक्क्याच्या लहरी काळ्या पाषाणासारख्या कठीण खडकातून न विरता वर येतात, जमिनीतून हवेत शिरतात आणि कानाला गडगडाट वाटतात. हादरा जाणवला नाही तरी आवाज येतो. हे ऐकून भीती संपणार नाही, पण कशाला भ्यायचं ते कळेल.

भ्यायचं ते भिंतीला. किल्लारीत माणसं मेली ती घरांखाली. दगड-मातीची दोन-दोन फूट जाड भिंत बाहेरून भक्कम दिसायची. प्रत्यक्षात आतला आणि बाहेरचा असे तिचे दोन वेगळे पदर, मधे गोटे आणि माती. हादऱ्यात पदर सुटले आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. दोन्ही पदरांना आरपार धरणारे लांब दगड भिंतीत ठराविक अंतरावर घातले आणि दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून काँक्रीटचा सलग पट्टा फिरवला, तर तीच भिंत बराच वेळ तग धरते. औशाकडच्या एका वयस्क गवंड्याशी मी हे बोलत होतो, तर ते म्हणाले, “साहेब, भिंत आधी पोटातून फुगती. आमाला दिसतंय की ते. पण इचारायला कोण येतंय?” संशोधकाला हवं असलेलं निरीक्षण त्यांच्याकडे आयतं होतं.

मराठवाड्यात संशोधन लोकांपर्यंत जातच नाही असं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या १८ मेच्या खरीप मेळाव्याला जाऊन बघा. बियाण्याच्या रांगेत शेतकरी सोयाबीनचं वाण ‘सहाशे बारा’ असं नुसत्या आकड्याने मागतात. तिथे मेळावा आहे, प्रात्यक्षिकाचे प्लॉट आहेत, गावात कृषी खात्याचा माणूस आहे. बियाणं पिशवीत भरून देता येतं, भ्रंश देता येत नाही. म्हणून भूशास्त्रासाठी अशी यंत्रणा उभी करायची कुणाला गरजच वाटली नाही.

नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ किल्लारीनंतर वर्षभरात, १७ सप्टेंबर १९९४ ला, स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चारही हादरलेले जिल्हे त्याचेच. पीएचडीचा प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहावर चढला की काम संपलं, असं आपण धरून चालतो. माझं मागणं साधं आहे. या चार जिल्ह्यांच्या जमिनीवर, पाण्यावर, घरांवर जो प्रबंध होईल, त्याला दोन पानी मराठी टिपण सक्तीचं करा आणि ते त्या गावच्या ग्रामसभेत संशोधकानेच वाचावं. प्रश्न गावकरी विचारतील. पीएचडीची मौखिक परीक्षा नाहीतरी खुलीच असते. ती विद्यापीठाच्या विष्णुपुरीतल्या सभागृहाऐवजी एकदा हासोरीच्या शाळेत घ्या. मार्गदर्शक, परीक्षक आणि उमेदवार एका जीपमध्ये मावतात. औशाच्या त्या गवंडीमामांना पुढच्या बाकावर बसवायचं काम माझं.