चौदा मिनिटांचा फरक

‘२१ मार्चला दिवस-रात्र समान’ असं शाळेची पुस्तकं ठणकावून सांगतात. अहो, पण हा हिशेब कुणी तपासलाय का? त्या दिवशी आमच्या पळस्प्यात दिवस भरतो सुमारे १२ तास ७ मिनिटांचा, रात्र ११ तास ५३ मिनिटांची. फरक १४ मिनिटांचा!

बँकेत १४चा फरक आला की जुना कारकून त्याचे निम्मे करून ७ची रक्कम शोधतो. नावेची रक्कम जमेला पडलेली असते. इथंही तेच. रात्रीची ७ मिनिटं दिवसाच्या खात्यात गेलीत. सूर्याची वरची कड दिसली की आपण ‘उगवला’ म्हणतो आणि तीच कड बुडेपर्यंत ‘मावळला’ म्हणत नाही. त्यात हवा किरणं वाकवते, म्हणून क्षितिजाखालचा सूर्यही वर दिसतो. खरी बरोबरी आपल्याकडे आठवडाभर आधीच, १४-१५ मार्चच्या सुमारास उरकलेली असते. सप्टेंबरात ती आठवडाभर उशिरा येते.

‘जवळजवळ’ एवढा एक शब्द छापायला शाई ती कितीशी लागणार? उद्या एखादं पोरगं वर्तमानपत्रातल्या उदयास्ताची वजाबाकी करून उभं राहिलं, तर मास्तर, त्याला खाली बसवू नका. ताळा त्याचा बरोबर आहे. दुरुस्ती पुस्तकात करायची आहे.