यादीत नाही, म्हणजे धोका नाही?

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. वर जायला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे मोठी यंत्रे नेता आली नाहीत आणि बचाव पथकांना हातानेच माती उपसावी लागली. २३ जुलैला शोध थांबवला गेला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी सरकारने विधानसभेत सांगितले की ही वाडी संभाव्य दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. माहिती म्हणून हे विधान बरोबर आहे, पण त्यातून दोन अगदी वेगळ्या परिस्थिती निघू शकतात. एक, तज्ज्ञांनी ती जागा तपासली आणि तिथे धोका नसल्याचा निष्कर्ष काढला. दोन, ती जागा कुणी तपासलीच नाही. पहिल्या परिस्थितीत शास्त्राचा अंदाज चुकलेला असतो, तर दुसरीत अंदाज करण्याची वेळच आलेली नसते. यादी मात्र या दोन्ही परिस्थितींत सारखीच गप्प बसते. माळीण (२०१४) आणि तळिये (२०२१) इथल्या दरडींनंतर अशा याद्यांवर राज्याची भिस्त वाढली असल्याने, यादी नेमकी कशी तयार होते आणि तिच्यातून कोण कसे गळते, हे समजून घेणे केवळ संगणकतज्ज्ञांवर सोडून चालणार नाही.

कार्यालयातल्या याद्या आता बहुतेक वेळा डेटाबेसमधून निघतात आणि त्या निघताना दोन किंवा अधिक तक्ते एकमेकांना जोडले जातात. समजा, एका तक्त्यात कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या सगळ्या वाड्या-पाड्या आहेत आणि दुसऱ्यात भूवैज्ञानिक पाहणीचे निष्कर्ष आहेत. साधी जोड, म्हणजे इनर जॉइन, केली तर दोन्हीकडे नोंद असलेल्या वाड्याच हाती लागतात. आउटर जॉइनचा एक प्रकार म्हणजे लेफ्ट जॉइन. त्यात डावीकडच्या तक्त्यातली प्रत्येक वाडी कायम राहते आणि जिची पाहणी झालेली नाही तिच्यापुढचे रकाने रिकामे राहतात. या रिकामेपणाला डेटाबेसच्या भाषेत नल म्हणतात. शाळेत हजेरीपट घेऊन नावे पुकारली तर कोण आले नाही ते कळते. ‘हजर असतील त्यांनी आपापली नावे सांगा’ म्हटले तर गैरहजर मुलांचा पत्ताच लागत नाही. लेफ्ट जॉइन म्हणजे हजेरीपटावरून पुकारणे. अनुपस्थितीचीही नोंद व्हावी, एवढ्याचसाठी ती सोय आहे.

ही सोय एका साध्या वाक्याने नाहीशी होते. वाड्या आणि पाहणी यांची लेफ्ट जॉइनने व्यवस्थित जोड केली आणि शेवटी व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळणाऱ्या कलमात, अट घातली: ज्यांचा धोका ‘कमी’ नाही अशा सगळ्या वाड्या दाखवा. वाचणाऱ्याला वाटते, पाहणी न झालेली वाडी यात येणारच, कारण तिचा धोका ‘कमी’ आहे असे कुठे कुणी म्हटले आहे? पण एसक्यूएलचे, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेचे, तर्कशास्त्र खरे आणि खोटे एवढ्यावर थांबत नाही. ‘अज्ञात’ हे त्यातले तिसरे उत्तर आहे. नलची ‘कमी’शी तुलना केली की उत्तर अज्ञात येते, आणि व्हेअर फक्त ‘खरे’ ठरलेल्या ओळी पुढे जाऊ देते. त्यामुळे अज्ञात वाडी खोट्याबरोबरच बाहेर पडते. डेटाबेसमधला प्लॅनर, म्हणजे प्रश्नाचे उत्तर कोणत्या मार्गाने काढायचे ते ठरवणारा भाग, हे लगेच ओळखतो. या अटीपुढे नलची एकही ओळ टिकणार नाही हे सिद्ध झाल्यावर तो आउटर जॉइनचे रूपांतर सरळ इनर जॉइनमध्ये करतो. सीझर गॅलिंडो-लेगारिया आणि अर्नॉन रोझेन्थल यांनी १९९७मध्ये अशा सुलभीकरणाची आणि जोडांचा क्रम बदलण्याच्या नियमांची सविस्तर मांडणी केली. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल यांच्यासारख्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रणाली आज हे सुलभीकरण करतात. लाभ उघड आहे. इनर जॉइनमध्ये तक्ते कोणत्याही क्रमाने जोडता येतात आणि अट जोडणीच्या आधीच लावून मोठा तक्ता छाटता येतो. उत्तर तेच येते, पण लवकर येते.

इथे दोष प्लॅनरला देण्याचा मोह होतो आणि तो चुकीचा आहे. प्लॅनरने एकही वाडी गाळलेली नाही. वाडी गळाली ती अट लिहिली गेली त्याच क्षणी. प्लॅनरने फक्त लिहिणाऱ्याच्या वाक्याचा खरा अर्थ ओळखला. हीच अट जोडणीच्या ऑन या कलमात लिहिली, तर ती कोणती पाहणी जुळवायची एवढेच ठरवते. जुळणी नसलेली वाडी रिकाम्या रकान्यांसह यादीत राहते, आणि प्लॅनरही तिला हात लावत नाही. पण यावरून ‘सगळ्या अटी ऑनमध्ये घाला’ असा सोपा नियम काढला तर उलटी चूक होते. ‘तालुका खालापूर’ ही डावीकडच्या तक्त्यावरची अट ऑनमध्ये गेली, तर कर्जतच्या वाड्याही रिकामे रकाने घेऊन यादीत उभ्या राहतात, कारण ऑनला डावीकडची ओळ काढून टाकण्याचा अधिकारच नाही. म्हणून अट कुठे लिहायची हे ठरवण्याआधी एक भेद करावा लागतो: ही अट मी कुणाचा हिशेब मांडतो आहे याबद्दल आहे, की त्यांच्याबद्दल मला काय माहीत आहे याबद्दल? हिशेब कुणाचा, ही अट व्हेअरमध्ये शोभते. माहितीबद्दलची अट जोडणीत जाते किंवा ‘माहिती नाही’ ही शक्यता तोंडाने उच्चारून व्हेअरमध्ये येते. हा भेद तांत्रिक वाटला तरी मुळात तो प्रशासनाचा आहे.

मग असे रूपांतर करताना प्रणालीने निदान इशारा तरी द्यावा, असा आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे, पण तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. प्लॅनरला लिहिणाऱ्याचा हेतू कळत नाही आणि त्याचे काम उत्तर न बदलता मार्ग बदलण्याचे आहे. शिवाय अनेक ठिकाणी नलच्या ओळी जाणीवपूर्वकच गाळलेल्या असतात, आणि अनेक प्रश्न माणसे लिहीतच नाहीत, इतर सॉफ्टवेअर तयार करते. अशा प्रत्येक वेळी इशारा वाजला तर तो कुणी वाचणार नाही. हेतू तपासण्याची जागा म्हणजे क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, मंजूर करणारा माणूस आणि तिची कसोटी. पाहणी नसलेली एक वाडी मुद्दाम चाचणीत घालायची आणि ती निकालात येते का ते पाहायचे, एवढी ती कसोटी साधी आहे. तयार योजना पाहण्याचीही सोय प्रत्येक मोठ्या डेटाबेसमध्ये असते: आपण लेफ्ट जॉइन लिहिले आणि योजनेत साधी जोड दिसली, तर आपल्या अटीने काय केले हे प्लॅनरने आपल्याला सांगितलेलेच असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इर्शाळवाडीचा प्रश्न क्वेरीचा नव्हता, पाहणीचा होता. हे मान्यच आहे. त्या रात्रीमागे कुठली चुकीची क्वेरी होती, असा दावा इथे नाही. क्वेरी पाहणी करून देत नाही. ती फक्त पाहणी कुठे झालेली नाही हे दाखवू किंवा लपवू शकते. पण ‘फक्त’ म्हणावे इतके ते लहान नाही. जे कागदावर दिसत नाही त्यासाठी भूवैज्ञानिकाचा दौरा ठरत नाही, तरतूद होत नाही आणि ग्रामसभेत त्यावर प्रश्नही विचारला जात नाही. आणि इथेच लेफ्ट जॉइनची मर्यादाही समजते. ते डावीकडच्या तक्त्याला राखते, त्याच्याबाहेरच्या कुणाला नाही. जनगणनेची गावनिहाय आकडेवारी महसुली गावांची असते. कर्जत-खालापुरातल्या अनेक ठाकरवाड्या, कातकरवाड्या आणि धनगरपाडे कुठल्या ना कुठल्या महसुली गावाच्या पोटात मोजले जातात. गाव सपाटीला आणि वाडी डोंगराच्या कुशीत, तरी नोंद एकच. डावीकडे महसुली गावांची यादी ठेवून कितीही निर्दोष क्वेरी लिहिली तरी अशी वाडी रिकाम्या रकान्यासह देखील दिसणार नाही. म्हणजे अट कुठे लिहायची याच्याही आधीचा निर्णय हा की हजेरीपट कुणाचा.

हेच तत्त्व दरडींच्या पलीकडेही लागू होते. या दोन तालुक्यांतली कित्येक कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात आणि मुलेही बरोबर जातात. त्या काळात अंगणवाडीत ज्या मुलाचे वजन झाले नाही, त्याचा वजनाचा रकाना नल राहतो. ‘वजन अमुक मर्यादेखाली’ अशी अट व्हेअरमध्ये घातली की ते मूल कुपोषितांच्या यादीतून आपोआप बाहेर पडते, आणि ‘वजन मर्यादेच्या वर’ अशी उलटी अट घातली तरी त्या यादीतही येत नाही. स्थलांतर वाढले की कुपोषितांचा आकडा अशा रीतीने घटू शकतो आणि त्या घटीचे श्रेय योजनेला मिळू शकते. ज्यांचे सर्वात बिकट तेच मोजमापाच्या वेळी जागेवर नसण्याचा संभव अधिक, म्हणून नल गाळणे ही तटस्थ गोष्ट राहत नाही. ते एका विशिष्ट समाजघटकाला गाळणे ठरते.

तिसरा आक्षेप तहसील कार्यालयाच्या बाजूने येईल: अज्ञात वाड्याही यादीत घेतल्या तर यादी इतकी फुगेल की पावसाळ्यात कुणाला हलवायचे हेच ठरवता येणार नाही. स्थलांतराच्या आदेशासाठी निश्चित धोक्याच्या वाड्यांची वेगळी यादी लागते, हे बरोबर. तिथे इनर जॉइनच योग्य, आणि ते उघडपणे तसेच लिहावे. पण तिच्या शेजारी दुसरी यादी हवी, पाहणीच न झालेल्यांची, आणि ती काढणेही अवघड नाही. लेफ्ट जॉइन करून व्हेअरमध्ये पाहणीच्या तक्त्यातला वाडीचा क्रमांक नल असल्याची अट घातली की नेमक्या त्याच ओळी उरतात. पोस्टग्रेसचा प्लॅनर २००९पासून असा प्रश्न ‘अँटी जॉइन’ म्हणून ओळखून तो झपाट्याने सोडवतो. जिल्ह्यातल्या सगळ्या वाड्या-पाड्या मोजल्या तरी नोंदी काही हजारांच्याच भरतील, तेव्हा संगणकावर भार पडण्याची सबबही टिकत नाही. यादी फुगली तर ती संगणकाने फुगवलेली नसेल. उरलेले काम तेवढे आहे, इतकाच त्याचा अर्थ.

प्रशासनाला तिसरा रकाना परका नाही. इर्शाळवाडीतच शोध थांबवताना सरकारने मृत आणि हयात अशी दोनच खाती मांडली नाहीत. बेपत्तांचा ५७ हा आकडा वेगळा ठेवला, कारण जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे लिहिणे त्या वेळी कुणालाही गैर वाटले असते. आपत्तीनंतर पाळलेली ही शिस्त आपत्तीच्या आधीच्या याद्यांनाही लागू व्हायला हवी. दरडप्रवण वस्त्या असोत, कुपोषित बालके असोत किंवा लाभार्थी असोत, प्रत्येक शासकीय यादीच्या तळाशी तीन आकडे छापणे बंधनकारक करावे: हिशेब कोणत्या मूळ यादीवरून सुरू झाला आणि तिच्यात किती नोंदी होत्या, त्यातल्या कितींची माहिती सापडली, आणि कितींची सापडली नाही. पहिल्या आकड्यातून उरलेले दोन वजा केल्यावर शून्य उरत नसेल, तर क्वेरीत कुठेतरी वाडी गळाली आहे हे कर्जतच्या पंचायत समितीतल्या कुणालाही वजाबाकी करून कळेल; त्यासाठी एसक्यूएल यायला नको. आणि तिसरा आकडा शून्य नसेल, तर ‘यादीत नाव नव्हते’ हे उत्तर देण्याचा हक्क कुणालाही उरणार नाही.