आजीचे गुण आणि घराचे गुण

स्मृतिभ्रंशाची परीक्षा घेण्यासाठी १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली तीस गुणांची प्रश्नावली आजही सर्वत्र वापरली जाते. आजची तारीख कोणती, आपण कोठे आहोत, शंभरांतून सात-सात वजा करा, असे तिचे स्वरूप आहे. वर्षानुवर्षे गुणपत्रके भरणाऱ्या आम्हांस तिचे मोल कळते, तशी तिची मर्यादाही कळते. शाळेची पायरी न चढलेल्या आजीची वजाबाकी चुकली, तर दोष स्मृतीचा की निरक्षरतेचा?

हा पेच ओळखून हरियाणातील बल्लभगढ भागात काम करणाऱ्या संशोधकांनी निराळी मोजपट्टी सिद्ध केली. ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. सणवार ध्यानात राहतात काय, घरच्या लग्नकार्यात मत देतात काय, गावातल्या गावात वाट चुकते काय, असे प्रश्न तीत घरच्या माणसांना विचारतात. पुढे २०१७ साली लंडनच्या संशोधकांनी केवळ सामाजिक व्यवहार मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. माणसांत मिसळणे, बोलणे-चालणे आणि दुसऱ्याच्या भावनांची जाण ही तिची तीन अंगे. ती रुग्णास आणि सांभाळणाऱ्यास स्वतंत्रपणे विचारतात, हे विशेष.

आमच्या पिरनवाडी परिसरात घरची बोली मराठी आणि बाहेरचे बरेच व्यवहार कानडीत. या विकारात पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी विरते. म्हणून वृद्धांस प्रश्न विचारावयाचे ते त्यांच्या घरच्या भाषेत, हा आग्रह कुटुंबीयांनी धरावा.

तथापि खरी मेख पुढेच आहे. "आजींना आता काही समजत नाही," असे एकदा ठरले, की हळदीकुंकवाचे बोलावणे थांबते, पंगतीतील पाट मागे सरकतो, भजनाला कोणी हाताला धरून नेत नाही. मग मिसळण्याचे गुण घटले, तर ते आजीचे घटले की घराचे?

शेजारच्या गोमंतकात ८१ कुटुंबांत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन सल्ला व आधार दिला, तेव्हा सांभाळणाऱ्यांच्या मनावरील ताण हलका झाला. सांभाळणारी सून खचली, तर आजीचे जगही आक्रसते, हे वेगळे सांगावयास नको.

वाचकहो, दरमहा एका वहीत चार नोंदी कराव्यात: आजी कोणाला भेटल्या, आपण होऊन काय बोलल्या, कोणाच्या सुखदुःखाने हलल्या, आणि आपण त्यांना किती वेळा बोलावले. उतार दिसल्यास प्रथम कान व डोळे तपासून घ्यावेत. मग ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. मात्र चौथा रकाना कोरा असेल, तर पहिल्या तिहींवरून आजींविषयी निर्णय करू नये.