समुद्रगृहातील भेट

बोटीवर नोकरीस असलेला मुलगा रजेवर घरी येतो, चार दिवस गप्प राहतो आणि मग एका संध्याकाळी आईजवळ एक जुने नाव काढतो. दहा वर्षांपूर्वी ज्या मुलीवरून घरात वादळ झाले होते, तीच ही मुलगी. तेव्हा हा पहिल्याने बोटीवर चढला, पत्रे विरळ झाली, कोणी काही सांगितले, कोणी काही ऐकले आणि सारे मोडले. आता तीही दर्यावर आहे. प्रवासी बोटींवर आज मुलीसुद्धा परिचारिका म्हणून, हिशेबाच्या कामावर, भोजनगृहात नोकरी करतात. दोघांची नेमणूक एकाच बोटीवर झाली आणि तुटलेले बोलणे पुन्हा सुरू झाले. आता लग्न लावून द्या, असे दोघांचे म्हणणे. घरातील वडीलधारे म्हणतात, एकदा तुटले ते तुटले. असा प्रसंग ज्या घरी येईल त्या घरासाठी आजचे आमचे हे चार शब्द आहेत.

त्यासाठी आम्ही वाचकांना उज्जैनला नेणार आहोत. माळव्यातील या नगरीला क्षिप्रा नदी आहे, समुद्र नाही; परंतु तिचा माल फार प्राचीन काळापासून समुद्रावर जात असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. उज्जैनहून भडोच बंदरात मौल्यवान दगड आणि तलम कापड उतरते, असे त्याने नमूद केले आहे. माल जातो तेथे माणसेही जातात, आणि मागे वाट पाहणारी घरे राहतात. ज्या स्त्रीचा पती दूरदेशी गेला आहे तिच्यासाठी आपल्या जुन्या भाषेत एक स्वतंत्र शब्दच आहे, प्रोषितभर्तृका. दर्याकाठच्या आमच्या गावांतून अशा स्त्रिया किती आहेत, हे मोजावयास दूर जावे लागत नाही.

हाच शब्द उज्जैनच्या एका राजकन्येच्या कथेत मोठ्या मर्माच्या जागी येतो. ती कथा म्हणजे भास कवीचे म्हणून ओळखले जाणारे ‘स्वप्नवासवदत्त’ हे नाटक. कित्येक शतके त्याचे केवळ नाव उरले होते. १९०९ च्या सुमारास टी. गणपतिशास्त्री यांना दक्षिणेत, त्रिवेंद्रमच्या बाजूस, ताडपत्रांवर लिहिलेली ही नाटके सापडली आणि १९१२ पासून ती छापली जाऊ लागली. कथा मात्र लोकांच्या तोंडी पूर्वीपासून होतीच. अवंतीच्या खेड्यांतील वृद्ध मंडळी उदयनाच्या गोष्टी उत्तम जाणतात, असे कालिदासाने मेघदूतात सांगितले आहे.

वत्स देशाचा राजा उदयन उज्जैनच्या राजाच्या कैदेत पडला. तेथे राजकन्या वासवदत्तेला वीणा शिकविण्याचे काम त्याच्याकडे आले. शिकविता शिकविता दोघांची मने जुळली आणि आईबापांना न विचारता, विधी न करता दोघे पळून गेली. पुढे उदयनाच्या हातून राज्याचा मोठा भाग गेला. ते परत मिळविण्यास मगधाच्या राजाचे साह्य हवे होते, आणि त्यासाठी मगधाची राजकन्या पद्मावती हिच्याशी त्याचा विवाह घडवून आणावयाचा होता. वासवदत्ता जिवंत असता राजा या गोष्टीस कधीच तयार झाला नसता. म्हणून मंत्री यौगंधरायण याने तिच्या संमतीने एक बेत रचला. राजा शिकारीस गेला असता लावाणक गावी आग लागली आणि राणी जळून गेली अशी आवई उठविण्यात आली. मंत्र्याने वेषांतर करून वासवदत्तेला पद्मावतीच्याच स्वाधीन केले. ही माझी बहीण, हिचा पती परदेशी गेला आहे, एवढेच त्याने सांगितले. उज्जैनची राजकन्या अशी दुसऱ्याच्या घरी प्रोषितभर्तृका होऊन राहिली.

यापुढे भासाने जे दाखविले आहे ते आम्हाला फार मोलाचे वाटते. आपल्या पतीच्या दुसऱ्या लग्नाची माळ वासवदत्तेलाच गुंफावी लागते. तिच्यापुढे दोन वनस्पती ठेवल्या जातात: एक सौभाग्य राखणारी, दुसरी सवतीचा पाडाव करणारी. पहिली ती पुष्कळ गुंफते. दुसरी ती घेतच नाही. त्या घरची सवत तर मेलीच आहे, मग तिचे काय काम! लग्नानंतर एके दिवशी ती पद्मावतीसह वेलींच्या मांडवात लपलेली असता राजा आणि त्याचा विदूषक बाहेर येऊन बसतात. विदूषक राजाला छेडून विचारतो, पहिली अधिक प्रिय की आताची? राजा टाळाटाळ करतो. पण अखेर त्याला सांगावेच लागते की, पद्मावतीचे गुण त्याला मान्य आहेत, परंतु वासवदत्तेत गुंतलेले मन ती ओढून घेऊ शकत नाही. आपल्याला कोणी ऐकत आहे हे त्याला ठाऊक नाही. पत्रात लिहिलेल्या हजार शपथांपेक्षा या एका बोलण्याची किंमत अधिक, कारण ते कोणाला खूष करण्यासाठी बोललेले नव्हते.

मग तो प्रसिद्ध प्रसंग येतो. पद्मावतीचे डोके दुखते, म्हणून तिची शय्या एका दालनात घालतात. त्या दालनाचे नाव समुद्रगृहक. (उज्जैनच्या या मुलीच्या वाट्याला समुद्र आला तो एवढाच.) पद्मावती तेथे आलेलीच नसते. राजा तिची वाट पाहता पाहता त्याच शय्येवर झोपी जातो. अंधारात वासवदत्ता येते आणि पद्मावतीच समजून जवळ बसते. राजा झोपेत तिचेच नाव घेतो, ती रागावली आहे काय असे विचारतो, आणि ती हळू आवाजात उत्तर देते. शय्येखाली लोंबणारा त्याचा हात उचलून वर ठेवते आणि निघून जाते. तो दचकून उठतो, मागे धावतो, दाराच्या फळीवर आपटतो. ते स्वप्न होते की खरे, हे त्याला कळत नाही.

आता आमच्या बोटीवरील दोघांकडे वळू. दुसरी भेटही अशी अर्धी स्वप्नासारखीच असते. घर दूर, चोहीकडे पाणी, काम कष्टाचे आणि अवतीभवती परकी माणसे. अशा जागी गावचे ओळखीचे माणूस भेटले की मन आपोआप ओढ घेते. ती ओढ खोटी नसते, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार खलाशाला सलग बारा महिने बोटीवर ठेवता येत नाही, त्याआधी त्याला घरी परतण्याचा हक्क आहे. भारताने हा करार २०१५ मध्ये मान्य केला. तेव्हा दोघांनी ती रजा घ्यावी, जमिनीवर, एकमेकांच्या घरच्यांसमोर भेटावे आणि मधल्या वर्षांत काय घडले ते सारे मोकळेपणाने बोलावे. उदयनाच्या मंत्र्याने लपवाछपवीने काम साधले. आम्हाला तो मार्ग पसंत नाही. नाटकात तो खपला, कारण लेखणी भासाच्या हाती होती. शिवाय नाटकात अखेरीस राजाच्या दोन राण्या नांदतात. ख्रिस्ती विवाहात त्याला जागा नाही.

म्हणून मधल्या काळात दोघांपैकी कोणाचे लग्न झाले होते काय, हे लग्नाआधी धर्मगुरूंना स्पष्ट सांगितले पाहिजे. परदेशी न्यायालयात घटस्फोट झाला असला, तरी तेवढ्याने चर्चमध्ये पुन्हा लग्न करण्यास माणूस मोकळा होत नाही. आधीचे लग्न मुळात वैध होते की नाही याचा निवाडा धर्मप्रांताच्या न्यायासनाकडे होतो. सर्वांत अवघड प्रसंग दर्यावर बेपत्ता झालेल्या खलाशाच्या पत्नीचा. देशाच्या पुराव्याच्या कायद्यात, १८७२ च्या आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्याही, ज्यांना बातमी कळावयास हवी होती त्यांना सात वर्षे कळली नाही तर ती व्यक्ती जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. चर्चच्या १९८३ च्या कायद्यात वर्षांचा असा आकडा नाही. नुसती अनुपस्थिती, मग ती कितीही लांबलेली असो, पुरेशी मानली जात नाही. साक्षी, सांगोवांगी, परिस्थिती हे सारे तपासून मृत्यूविषयी मनाची खात्री पटली, तरच बिशप तसे जाहीर करू शकतात. एखाद्या बाईला हे कठोर वाटेल. परंतु उद्या तो खलाशी दारात उभा राहिला तर तिची काय गत होईल, हे ध्यानी घेऊनच ही काळजी घेतलेली आहे.

आईबापांविषयी लिहावयाचे राहिले, आणि नाटकाचा शेवटही. मुलगी पळून गेली तेव्हा उज्जैनच्या राजाराणीने काय केले असेल? त्यांनी दोघांची चित्रे काढविली आणि त्या चित्रांचेच लग्न लावले. पुढे मुलगी जळाल्याची बातमी आल्यावरही राणी अंगारवतीने दाईच्या हाती जावयाला निरोप धाडला. तू आम्हाला आमच्या मुलांसारखाच आहेस, मुलगी तुलाच द्यावयाची होती, उतावीळपणाने तूच विधी होऊ दिला नाहीस, असा तो निरोप होता. सोबत मन शांतविण्यासाठी ते चित्र होते. रागाचा शब्द नाही, पण चुकीचा उल्लेखही टाळलेला नाही. आमच्या गावांतील किती सासवांना असा निरोप लिहिता येईल, देव जाणे!

ते चित्र पद्मावतीने पाहिले आणि ती चपापली. अशीच एक स्त्री आपल्या घरी राहते आहे, ती कोणी परदेशी गेलेल्याची पत्नी आहे, असे तिने राजाला सांगितले. वासवदत्तेला बोलावण्यात आले, आणि दाईने तिला ओळखले. न कळता सखीसारखे वागविल्याबद्दल पद्मावतीने तिची क्षमा मागितली. ती जिवंत असल्याचे वर्तमान दाईने आजच उज्जैनला जाऊन सांगावे, असे मंत्री म्हणू लागला. तेव्हा राजाने सांगितले की, निरोप नको, आपण सारेच जाऊ. पद्मावतीही आपल्यासोबत येईल. मग सर्व मंडळी उज्जैनला जावयास निघाली.