युनियन कोणत्या पातळीवरची हवी?

युनियन हा शब्द कानावर पडला की आमच्या व्यापारी बांधवांच्या कपाळावर आठ्या पडतात. उलट कारागिराला वाटते, युनियन झाली की उद्यापासून मजुरी दुप्पट. दोन्ही समज अपुरे आहेत. युनियन एका कारखान्याची आहे, एका धंद्याची आहे की साऱ्या देशाची, यावर तिचा नफा-तोटा ठरतो. वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार या पट्ट्यातील गाळ्यांत शिलाई करणाऱ्या हातांच्या पोटाशी या प्रश्नाचा संबंध आहे. म्हणून त्यावर थंड डोक्याने विचार व्हायला हवा.

प्रथम कारखान्यापुरती युनियन घेऊ. मालक आणि कामगार एकमेकांना ओळखतात, भांडण चहाच्या कपावर मिटते, बाहेरच्या पुढाऱ्याची गरज पडत नाही. मोठ्या कंपनीत ही पद्धत चांगली चालते. पण आमच्या गाळ्यात दहा-बारा माणसे असतात आणि गाळेवाला स्वतःच दुसऱ्याच्या मालावर जॉबवर्क करतो. शर्टाचा दर तो ठरवत नाही, तो मुंबईचा व्यापारी किंवा निर्यातदार ठरवतो. एका गाळ्याने नगामागे दोन रुपये जास्त मागितले तर पुढचा माल शेजारच्या गाळ्यात उतरतो. मग मजुरीही जाते आणि कामही जाते.

आता धंद्याची युनियन पाहू. याचा सर्वांत मोठा दाखला मुंबईच्या गिरण्यांचा आहे. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातील एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन मानली. सर्व गिरण्यांचा एकच करार होई. मालकाला दहा पुढाऱ्यांशी घासाघीस करावी लागत नसे आणि एका गिरणीच्या कामगाराला दुसऱ्या गिरणीविरुद्ध वापरता येत नसे. हा फायदा लहान नव्हता. पण मान्यता कायद्याने पक्की झाली की पुढाऱ्याला सभासदांची भीती राहत नाही. 1981 मध्ये बोनसवरून नाराज झालेले कामगार राष्ट्रीय मिल मजदूर संघाला सोडून डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर उतरले. कामगार एकाच्या मागे आणि कायद्याची मान्यता दुसऱ्याकडे, अशा कोंडीत वाटाघाटीची दारे बंद राहिली. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो झिजून संपला.

त्या संपाचा आणखी एक धडा कापडाच्या व्यापाऱ्याला जास्त समजतो. गिरण्या बंद होत्या, पण बाजारात कापड येतच होते. ते भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जात होते आणि गिरणीमालकही तिथून माल विणून घेत होते. मदनपुऱ्यातील मोमीन विणकर गिरण्यांच्या साचेखात्यात काम करत आणि त्याच बिरादरीचे लोक भिवंडीत लूम चालवत. एकीकडे संप, दुसरीकडे रात्रपाळी! संघटना मुंबईपुरती होती आणि धंदा मुंबईच्या बाहेर पसरला होता. धंद्यापेक्षा संघटना लहान पडली की असेच होते.

मग सरळ देशाचीच संघटना का नको? आयटक 1920 पासून आहे, इंटक 1947 पासून. किमान वेतन, विमा, प्रॉव्हिडंट फंड यांचे कायदे दिल्लीत होतात. तिथे आवाज पोहोचवायचा तर एवढ्या मोठ्या संघटनाच लागतात. पण पेल्हारच्या ओव्हरलॉक मशीनवर बसलेल्या मुलाचा दर दिल्लीत कोण पाहणार? शिवाय पक्ष फुटला की युनियन फुटते आणि कारागिराच्या हाती फक्त पावतीपुस्तक उरते.

आमच्या मते रस्ता मधला आहे आणि तो आमच्या बाजारानेच दाखवला आहे. आमच्या गठ्ठ्या उचलणाऱ्या माथाडींसाठी 1969 चा कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांचे संघटन होते. हमाल एका दुकानाचा नोकर नसतो, आज या पेढीवर तर उद्या त्या पेढीवर. म्हणून बाजारवार मंडळे झाली, त्यांत व्यापारी, कामगार आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी घेतले गेले. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, मंडळ हमालाला मजुरी, फंड आणि बोनस देते. लेव्हीचा बोजा व्यापाऱ्याला जाणवतो आणि माथाडीच्या नावावर दमदाटी करणारे तोतयेही निघाले, हे खोटे नाही. तरीही सर्व पेढ्यांना दर सारखा असल्याने कोणी कोणाच्या खाली जाऊन धंदा तोडू शकत नाही.

शिलाई कारागीरही असाच आज या गाळ्यात, उद्या त्या गाळ्यात असतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली औद्योगिक संबंध संहिता 51 टक्के सभासद असलेल्या युनियनला वाटाघाटीचा हक्क देते, पण तो हिशेब आस्थापनेनुसार होतो. दहा माणसांच्या गाळ्याला त्याचा काय उपयोग? वसई, भिवंडी, उल्हासनगर या साऱ्या पट्ट्यातील कारागिरांची धंदेवार संघटना आणि तिच्यासमोर गाळेवाल्यांची व व्यापाऱ्यांची संघटना बसली, तर नगाचा एक किमान दर ठरू शकतो. सुरतेहून स्वस्त माल येईल ही भीती रास्त आहे, म्हणून तो दर बाजार पाहूनच ठरला पाहिजे. पुढारीही ठराविक मुदतीने मतदानाने निवडला गेला पाहिजे, नाहीतर 1981 ची पुनरावृत्ती होईल.

व्यापारी बांधवांनी एवढेच पाहावे की आज दर पाडून माल काढणारा शेजारी उद्या आपलेच गिऱ्हाईक नेतो. किमान दराचे कुंपण कारागिराचे रक्षण करते, तसेच इमानाने मजुरी देणाऱ्या व्यापाऱ्याचेही करते. या कामात पुढाकार व्यापाऱ्यांनीच घ्यावा, ही आमची विनंती आहे.